काचेतला माधव

शुक्रवारी सकाळी यज्ञेश्वरशास्त्र्यांनी समोरचं ताट बोटाने बाजूला सारलं आणि विद्युल्लताबाईंचा धीर सुटला. सोमवारपासून त्यांच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. वय चौऱ्याहत्तर, वीस वर्षांचा मधुमेह, आणि त्यावर हा हट्ट. गल्लीतले डॉक्टर आदल्या दिवशी नाडी बघून सांगून गेले होते, उद्यापर्यंत काही खाल्लं नाही तर भरती करावं लागेल. शास्त्रीबुवांनी त्यांना तिथल्या तिथे ऐकवलं होतं की हाताला लावलेली नळी मी उपटून फेकीन.

"माधव उपाशी आहे," ते म्हणाले. "मी कसा जेवू?"

या घराचा नियमच तसा होता. रामघाटाच्या वरच्या गल्लीत शास्त्र्यांच्या सहा पिढ्या गेल्या, पण माधवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय घरात कोणी घास घेतला नाही. लग्नाच्या पंगतीतून परत येऊन आधी माधवाला दहीभात दाखवलेला विद्युल्लताबाईंनी पाहिला होता. माधव म्हणजे वीतभर उंचीची पंचधातूची विष्णुमूर्ती. काशीला आलेल्या पहिल्या शास्त्र्यांना ती गंगेच्या गाळात सापडली, असं घरात सांगत. आता विद्वान म्हणत होते की ती नऊशे वर्षांपूर्वीची आहे, काशीवर राज्य करणाऱ्या गोविंदचंद्र राजाच्या काळातली, कदाचित त्याच्याच राजवाड्यातली. त्या राजाच्या दरबारावर शहरात मोठं प्रदर्शन भरलं होतं. लखनौला बँकेत असलेल्या निमिषला, म्हणजे यांच्या मुलाला, त्याचा भारी अभिमान वाटला, त्याने कागदांवर सह्या केल्या आणि सोमवारी संग्रहालयाची गाडी येऊन माधवाला घेऊन गेली. दोन महिन्यांसाठी.

"अहो, माधव इथेच आहे ना," विद्युल्लताबाई चौथ्यांदा म्हणाल्या. "ही काय सुपारी."

देवघरातल्या रिकाम्या चौरंगावर तुळशीच्या पानाखाली सुपारी होती. मूर्ती घराबाहेर न्यायची झाली तर आधी तिच्यातल्या देवाला मंत्रांनी सुपारीत बोलवायचं, ही या घराची रीत. एकदा माधवाच्या पायाला चीर गेली तेव्हा मूर्ती ठठेरी बाजारात, तांबटांकडे, डागायला नेली होती, आणि देव आठ दिवस सुपारीत राहून रोज नैवेद्य घेत होता. मूर्ती परत आली की देव परत मूर्तीत. सोपं होतं. सोमवारीही तसंच झालं होतं. शास्त्रीबुवा देवघरात बसून मंत्र म्हणत होते, संग्रहालयाची माणसं बाहेर ओट्यावर चहा पीत होती, मग शंख वाजला आणि मूर्ती गेली.

शास्त्रीबुवांनी सुपारीकडे बघितलं आणि मान फिरवली.

"ती नुसती सुपारी आहे," ते म्हणाले.

"म्हणजे?"

ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "तिसऱ्या ओळीपुढचं मला आठवलं नाही. पहिल्यापासून तीनदा म्हटलं. तीनदा तिथेच अडलो. बाहेर ते लोक घाई करत होते. मी शंख वाजवला आणि झालं म्हणून सांगितलं."

 या माणसाने वेदाचे शब्द उलटसुलट, मागून पुढून म्हणण्यात हयात घालवली होती. घनपाठी म्हणून पुण्यापासून त्याला बोलावणी येत. दशाश्वमेधावर यजमानांच्या चार पिढ्यांची नावं तो वही न उघडता सांगे. आणि तो म्हणत होता, मला आठवलं नाही. गेल्या वर्षभरात त्याने दोनदा दुधाचं भांडं देवघरात नेऊन ठेवलं होतं, एकदा आपल्याच गल्लीचं वळण चुकला होता. बाईंनी ते वयावर ढकललं होतं. चष्मा शोधणारं कोण नसतं म्हणा! पण हे वय नव्हतं. आपला नवरा आपल्यासमोर ओसरत चालला आहे, हे त्यांना त्या क्षणी कळलं.

"मग देवदत्तभटजींना बोलवू," त्या म्हणाल्या. "ते संग्रहालयात जाऊन..."

"हा विधी त्यांच्याकडे नाही. कुठल्या पोथीतही नाही. बापाने मुलाला सांगायचा, तो मला सांगितला, मी निमिषला सांगायला घेतला." ते हसले, पण ते हसणं बघवत नव्हतं. "आणि देवदत्ताला काय सांगू? यज्ञेश्वर मंत्र विसरला म्हणून? संध्याकाळपर्यंत सगळ्या घाटांवर होईल. त्यापेक्षा मेलेलं बरं."

आणि मरायचाच बेत चालला होता, फक्त त्याला उपवास हे नाव दिलं होतं.

निमिषने मुंजीनंतर चार महिने संथा घेतली आणि मग कंप्युटरचा क्लास लावला. त्याला बाईंनी फोन केला.

"आई, मूर्तीचा इन्शुरन्स झालाय, काचेला सील लागलंय," तो म्हणाला. "अब दो महीने कोई हाथ नहीं लगा सकता. बाबांना समजाव ना. डॉक्टरला सांगून झोपेत सलाइन लाव."

"तुला ते मंत्र येतात का रे?"

"कोणते मंत्र?"

बाईंनी फोन ठेवला.

दुपारी शेजारणीला नवऱ्याजवळ बसवून त्या एकट्या संग्रहालयात गेल्या. दारावर हत्तीएवढा फलक होता. त्यावर गोविंदचंद्राची सोन्याची नाणी आणि मध्ये त्यांचा माधव. बाईंनी चपला बाहेर काढल्या, तर गार्ड म्हणाला, "माताजी, यहाँ चप्पल पहन के जाते हैं." प्रदर्शनाचं काम बघणाऱ्या रुची मॅडम तरुण होत्या आणि स्वभावाने बऱ्या होत्या. त्यांनी पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग हात जोडले.

"आंटीजी, शोकेस खोलने का अधिकार मेरे पास है ही नहीं. ऊपर से लिखकर आना पड़ेगा. पंद्रह दिन तो लगेंगे ही."

"पंद्रह दिन में वो नहीं बचेंगे."

रुची मॅडम उठून दार लोटून आल्या. मग म्हणाल्या, की काचेबाहेर उभं राहून कोणी मंत्र म्हटले तर त्या बघितलं न बघितल्यासारखं करतील. दिवा नाही, पाणी नाही, खाण्याचं काही नाही. मोठा आवाज नाही. पाच मिनटं.

पाच मिनटं पुरेशी होती. प्रश्न मिनटांचा नव्हता.

घरी येऊन बाईंनी रात्रीच्या भाताचे तांदूळ निवडायला घेतले, तो कोणी खाणार नव्हतं तरी. सवयीने ओठ हलत होते. आणि तांदळात फिरणारं बोट थांबलं. बाईंच्या ओठांवर सोमवारचे मंत्र होते. पहिली ओळ, दुसरी, तिसरी, आणि तिच्या पुढची, आणि तिच्याही पुढची, थेट शेवटापर्यंत. चव्वेचाळीस वर्षं नवरा रोज पहाटे उजळणी करत होता आणि देवघर व स्वयंपाकघर यांच्यात एकच भिंत होती. त्यात निमिषची ती चार महिन्यांची संथा. बापाने एकदा म्हणायचं, मुलाने दोनदा, आणि भिंतीपलीकडे पोळ्या लाटता लाटता आईने मनात. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी गत झाली होती.

त्यांना आनंद व्हायला हवा होता. पण त्यांनी घाबरून तोंडावर हात ठेवला.

कारण एकदा हे घडून गेलं होतं. आठ वर्षांचा निमिष एका शब्दावर अडला, रडकुंडीला आला, आणि बाईंच्या तोंडून स्वयंपाकघरातून तो शब्द निसटला. शास्त्रीबुवांनी संथा थांबवली. विहिरीवर जाऊन पुन्हा आंघोळ केली. दोन दिवस बायकोशी बोलले नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाले, की बाईच्या तोंडून गेलेला मंत्र मंत्र राहत नाही. माणूस वाईट नव्हता. बायकोवर त्याने कधी आवाज चढवला नाही. पण या एका गोष्टीत तो दगड होता, आणि दगडावर डोकं आपटून डोकंच फुटतं हे बाईंना ठाऊक होतं. आता घरी बसून त्यांनी अडलेला शब्द सांगितला असता, तर विधी बाटला म्हणून त्याने पाणीसुद्धा सोडलं असतं.

त्या बाहेर आल्या. "उद्या आपण जाऊ. मॅडमनी परवानगी दिलीय."

"तिथे जाऊनही अडलो तर?"

"मी असेन बरोबर."

"तू असून काय करणार?"

 "निदान दर्शन तर घ्या," त्या म्हणाल्या. "पाच दिवस झाले, माधवाला तुम्ही दिसला नाहीत."

त्यावर म्हातारा उठून बसला आणि धुतलेलं धोतर कुठे आहे म्हणून विचारू लागला.

शनिवारी सकाळी चालणं शक्यच नव्हतं, म्हणून त्या त्यांना धरून घाटाच्या पायऱ्या उतरल्या आणि संग्रहालयाजवळच्या अस्सी घाटापर्यंत नाव केली. शास्त्रीबुवा नावेत आडवे झाले होते. दशाश्वमेध आल्यावर त्यांनी मान वर केली. कोणी ओळखीचं बघेल म्हणून बाईंनी त्यांच्या तोंडावर उपरणं ओढलं. पुढे अमृतरावांचा घाट आला तेव्हा त्यांनी विचारलं, "आपण कुठे निघालोय?"

"माधवाकडे."

"हो, हो," ते म्हणाले. नावाड्याने बाईंकडे एकदा बघितलं आणि वल्ह्याचा जोर वाढवला.

पहिल्या दालनात राजाची दानपत्रं होती. तांब्याचे जाड पत्रे, कडीत ओवलेले, कडीवर गरुडाची राजमुद्रा. गंगेत स्नान करून राजाने कोणाला कुठलं गाव दिलं ते त्यावर कोरलेलं. शास्त्रीबुवा काचेला नाक लावून अक्षरं जुळवू लागले. ती जुनी लिपी त्यांना अर्धीमुर्धी लागत होती. त्यांनी ब्राह्मणाचं नाव वाचलं, त्याच्या बापाचं, आजाचं, मग गोत्र. 

"बघ," ते म्हणाले. "नऊशे वर्षं झाली. या माणसाच्या आजाचं नाव अजून आहे. आणि मला..." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि ते पुसायचंही त्यांच्या ध्यानात आलं नाही. बाईंनी पदराने त्यांचं तोंड पुसलं. त्यांनाही रडू येत होतं, पण दोघांनी रडून चालणार नव्हतं.

माधव आतल्या दालनात, राजाच्या तलवारीच्या मुठीशेजारी होता. अंगावर वस्त्र नाही, गंध नाही, तुळस नाही. वरून पांढरा उजेड सोडलेला. खाली पाटी होती: विष्णु, पंचधातु, बारहवीं शताब्दी, निजी संग्रह से. सहा पिढ्यांनी न्हाऊमाखू घातलेला देव तिथे नोकरीच्या मुलाखतीला आल्यासारखा अंग चोरून उभा वाटत होता. बाईंना संताप आला, निमिषचा, त्या पाटीचा आणि स्वतःचाही, कारण गाडी आली तेव्हा त्या माणसांना चहा त्यांनीच करून दिला होता.

त्यांनी कमरेची पिशवी सोडून सुपारी काढली आणि उजव्या तळहातावर धरली. गार्ड जवळ आला, सुपारीकडे बघितलं, आणि मॅडमनी सांगून ठेवलं असावं, म्हणून भिंतीपाशी जाऊन घड्याळ बघू लागला.

शास्त्रीबुवांनी डोळे मिटले. पहिली ओळ आली. आवाज खोल गेलेला, पण स्वर खणखणीत, आणि उजवा हात आपोआप स्वराबरोबर वर, खाली, बाजूला फिरू लागला. दुसरी आली. तिसरी आली. आणि आवाज थांबला.

हात हवेत तसाच राहिला.

त्यांनी पुन्हा पहिलीपासून सुरुवात केली. याच वेळी शाळेच्या पोरांची एक रांग आत शिरली, चाळीसएक पोरं, तलवार बघून आरडाओरडा. शास्त्रीबुवा तिसऱ्या ओळीशी आले आणि थांबले. ओठ हलत होते. त्यांच्या कपाळावर घाम फुटला होता.

"बाबा, अब हो गया," गार्ड हळूच म्हणाला. "पाँच मिनट कब के हो गए."

विद्युल्लताबाईंनी माधवाकडे बघितलं. मग त्या नवऱ्याच्या मागे, अगदी कानाशी सरकल्या आणि पुढचा शब्द म्हणाल्या.

आता हा वळून बघणार, आणि इथेच, पोरांसमोर, सगळं संपणार, असं त्यांना वाटलं. पण ते वळले नाहीत. त्यांनी तो शब्द उचलला आणि पुढे चालले. चार शब्दांवर पुन्हा अडले. बाईंनी पुन्हा सांगितला. मग दोनच शब्द. मग प्रत्येक शब्द. शेवटच्या तीन ओळींना शास्त्रीबुवांचा आवाज नव्हताच, नुसते ओठ होते, आणि त्या गोंगाटात एक सदुसष्ट वर्षांची बाई, जिने त्या एका निसटलेल्या शब्दाखेरीज जन्मात वेदाचं अक्षर मोठ्याने उच्चारलं नव्हतं, काचेतल्या देवाला हाक मारत होती की बाबा रे, ये, घरी चल, हा माणूस मरतोय.

शेवट झाला. त्यांनी सुपारी पदराच्या टोकात बांधली आणि गाठ कमरेला खोचली. घरी येऊन नैवेद्य दाखवला. शास्त्रीबुवांनी दहीभाताचे सात घास खाल्ले. बाईंनी मोजले.

रविवारी सकाळी त्यांनी ताट बोटाने बाजूला सारलं.

"माधव उपाशी आहे," ते म्हणाले.

बाईंच्या हातातला डाव खाली पडला. "अहो, काल आपण जाऊन आलो ना? नावेतून? देव सुपारीत घेतला, तुम्ही काल जेवलात!"

"कोणी घेतला?"

"तुम्हीच."

"खोटं बोलू नकोस." आवाज चढला नव्हता, आणि म्हणूनच तो जास्त लागला. "तिसऱ्या ओळीशी मी अडलो. ते मला पक्कं आठवतंय. मी म्हटलंच नाही."

नाव, ताम्रपट, पोरं, सात घास, सगळं पुसून गेलं होतं, आणि नेमकी तीच एक गोष्ट उरली होती. आणि ती खरी होती, हेच तर दुखणं. बाईंना वाटलं, शपथ घ्यावी, माधवाच्या पायाची खोटी शपथ. मग त्यांना त्या शपथेचीही लाज वाटली.

"मी म्हटलं," त्या म्हणाल्या.

शास्त्रीबुवांनी तिच्याकडे मान वळवली. 

"तुला संथा कोणी दिली?"

"तुम्हीच. निमिषला देत होतात. मी पोळ्या लाटत होते."

"सगळं येतं?"

"सगळं."

आता ते उठतील, आंघोळ करतील, आणि पुन्हा तोंडात पाणीही घेणार नाहीत. त्या वाट बघत राहिल्या.

"म्हण," ते म्हणाले.

त्या त्यांच्यासमोर मांडी घालून बसल्या आणि पहिल्या ओळीपासून म्हणू लागल्या. म्हाताऱ्याचे डोळे मिटले आणि उजवा हात उठला. जे तोंड विसरलं होतं ते हात विसरला नव्हता. तिसऱ्या ओळीच्या पुढे, चौथीत, पाचवीत, तो स्वर दाखवत गेला. सहाव्या ओळीत हात वर गेला आणि बाईंचा आवाज खालीच राहिला.

"चुकलं," ते म्हणाले. "स्वर वर. पुन्हा."

त्यांनी पुन्हा म्हटलं. हात आणि आवाज बरोबर आले. शेवट झाल्यावर शास्त्रीबुवांनी ताट जवळ ओढलं आणि म्हणाले, "दही वाढ थोडं." चव्वेचाळीस वर्षांत त्यांनी बायकोला दिलेला तो एकुलता एक धडा होता. ती पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात रडली, आणि त्यात सुखही होतं.

मग ते रोजचं झालं. सकाळी ताट बाजूला सरायचं, माधव उपाशी असायचा, बाई मी म्हटलं म्हणायच्या, आणि परीक्षा सुरू व्हायची. त्यांचा स्वर आता चुकत नव्हता. पण चूक दुरुस्त केली की म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर जुना शास्त्री क्षणभर येतो आणि त्या दिवशी तो दोन घास जास्त खातो, हे त्यांनी हेरलं. म्हणून त्या सहाव्या ओळीत मुद्दाम आवाज खाली ठेवू लागल्या. तो म्हणे, "चुकलं." त्या म्हणत, "हो, चुकलं," आणि सुधारत. असे अठरा दिवस गेले. प्रदर्शन उठायला अजून सदतीस दिवस होते.

एकोणिसाव्या दिवशी त्या सहाव्या ओळीशी आल्या आणि आवाज खाली ठेवला. हात उठला नाही. त्या थांबल्या. ओळ पुन्हा घेतली, आणखी खाली, एखाद्या नवशिक्या पोरालाही कळेल इतकी चुकीची. हात मांडीवर होता. त्यांनी कसंबसं शेवटापर्यंत नेलं आणि त्यांच्या तोंडाकडे बघितलं.

"बरोबर," शास्त्रीबुवा म्हणाले, आणि त्यांनी ताट जवळ ओढलं.